वळीव विरताना उपग्रहाच्या चित्रात काय बघायचं

एप्रिलमध्ये आमच्या नागज-जुनोनी पट्ट्यात दुपारी चार वाजता प्रत्येक बेदाणा शेडवर एकच विषय असतो: पडदे सोडायचे का नाही. रॅकवर माल टाकून आठ-दहा दिवस झालेले असतात, मणी निम्मेअधिक वाळलेले असतात, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी मोबाइलवर उपग्रहाचं चित्र पाठवतो. सांगली जिल्ह्यावर लाल-काळा गोळा आणि खाली तीन उद्गारचिन्हं. पडदे सोडले की आत हवा कोंडते, माल सुकायचा थांबतो, दमटपणा लांबला की रंग जातो. काळ्या पडलेल्या मालाला काय दर मिळतो हे शेडवाल्यांना सांगायला नको. पडदे नाही सोडले आणि वारं आलं, तर आडव्या सरीनं कडेचे रॅक भिजतात. म्हणजे उगाच घाबरणंही महाग आणि बिनघोर राहणंही महाग.

मी या चित्रांच्या नादाला लागलो तो एवढ्यासाठीच. आता माझं मत पक्कं आहे: वाढणारा ढग कुणालाही कळतो, वाचता यायला पाहिजे तो विरणारा ढग. एप्रिलमधली खोटी भीती आणि खरा धोका दोन्ही त्यातूनच निघतात, आणि बहुतेक वेळा एकमेकांच्या उलट दिशेला जातात.

आधी चित्र कुठलं आणि कधीचं ते बघा

आपल्याला रोजच्या वापराला इन्सॅट-३डीआर आणि इन्सॅट-३डीएस हे उपग्रह पुरतात. पहिला २०१६ साली गेला, दुसरा फेब्रुवारी २०२४ मध्ये. एकेक उपग्रह अर्ध्या अर्ध्या तासानं चित्र देतो. हवामान विभागाच्या संकेतस्थळावर आणि इस्रोच्या मॉसडॅक या संकेतस्थळावर ती फुकट बघायला मिळतात.

चित्रावरची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. ०९३० लिहिलं असेल तर ते आपले दुपारचे तीन. गटात फिरणारी निम्मी भीती एवढ्या बेरजेनंच संपते, कारण ते चित्र सकाळचं असतं, नाहीतर कालचं.

दुसरी गोष्ट, रंगीत चित्राच्या मोहात पडू नका. ते इन्फ्रारेड, म्हणजे उष्णतेच्या किरणांवरून काढलेलं असतं. त्यातला रंग म्हणजे ढगाच्या माथ्याचं तापमान, पाऊस नव्हे. त्यात चार किलोमीटरपेक्षा बारीक काही दिसत नाही. व्हिजिबल, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या उजेडातलं चित्र साधं करडं-पांढरं असतं, पण त्यात एक किलोमीटरपर्यंतचा तपशील येतो. मरणाऱ्या ढगातून सुटलेल्या वाऱ्याच्या कडेला छोट्या ढगांची एक बारीक रेघ असते, तिच्याबद्दल पुढं सांगतो; ती फक्त त्यातच सापडते, आणि तीसुद्धा मूळ आकाराचं चित्र उघडलं तरच. फॉरवर्ड होत होत आलेल्या चित्रात ती रेघ पुसलेली असते.

काही जण जपानच्या हिमावारीची चित्रं बघतात. दर दहा मिनिटांनी येतात आणि दिसायला फार देखणी असतात. पण तो उपग्रह १४०.७ अंश पूर्वेवर उभा आहे. आपल्याकडं तो अगदी तिरपा बघतो, म्हणून बारा-पंधरा किलोमीटर उंच ढगाचा माथा त्याच्या चित्रात चाळीस-पन्नास किलोमीटर पश्चिमेला सरकलेला दिसतो. अथणीवरचा ढग तासगावच्या अलीकडं दिसला की लोक पळापळ करणारच. इन्सॅट-३डीआर ७४ अंशावर, म्हणजे जवळपास आपल्या रेखावृत्तावर आहे. त्याच्या चित्रात तोच ढग पाच-सहा किलोमीटर उत्तरेला दिसतो, तेवढं चालतं.

वरचं पांढरं: याला किती भ्यायचं

गडगडाटी ढग वाढत वाढत वरच्या थराला टेकला की त्याला आणखी वर जाता येत नाही, मग तो आडवा पसरतो. त्या पसरलेल्या माथ्याला ऐरण म्हणतात. ढग जिवंत असतो तेव्हा वाऱ्याकडची त्याची कड चाकूनं कापल्यासारखी असते, आणि व्हिजिबलमध्ये माथ्यावर एखादा खडबडीत उंचवटा दिसतो. तिथून आतली हवा अजून जोर करत असते.

मरायला लागला की आधी तो उंचवटा बसतो. पृष्ठभाग गुळगुळीत होतो, कडा विस्कटतात, कापूस पिंजल्यासारखे धागे निघतात. इन्फ्रारेडमध्ये सर्वांत थंड ठिपक्याचा आकडा एकामागोमाग एक चित्रांत बघत जायचा. उणे ७० अंशांवरून उणे ५५, तिथून उणे ४० अशी चढती रांग लागली की खालून पुरवठा तुटला असं समजा. ढग खाली आला असा याचा अर्थ होत नाही. तो पातळ झालेला असतो, आणि खालच्या तापलेल्या जमिनीचे किरण त्यातून गळून वर उपग्रहापर्यंत पोचतात, म्हणून आकडा उबदार दिसतो. खात्री करायची तर व्हिजिबलमध्ये बघा. त्या पडद्याखालून जमिनीच्या खुणा दिसत असतील तर तो नुसता बर्फाचा झिरमिळ्या थर आहे.

अशी बेवारस ऐरण चार-चार तास तरंगते. खाली पाऊस थांबून चहा पिऊन झालेला असतो, तरी रंगीत चित्रात तिचा पिवळा-निळा डाग मोठा होतच जातो. नवख्याला वाटतं वादळ वाढतंय. एक नियम मी पाळतो: डाग पसरतोय पण सर्वांत थंड आकडा चढतोय, म्हणजे वादळ संपलं.

आता दिशेचं बघा. मार्च-एप्रिलमध्ये आपल्या डोक्यावर बारा किलोमीटर उंचीवर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहतात. त्यामुळं कोयना-चांदोलीच्या अंगाला घाटात दुपारी ढग फुटला की त्याची ऐरण थेट आमच्याकडं येते. दोनेक तासांत सूर्य झाकतो, आभाळ दुधाळ होतं, म्हातारी माणसं “आज येतोय” म्हणतात. बहुतेक वेळा काही येत नाही. उलट त्या सावलीनं जमीन तापायची थांबते आणि नवा ढग उठायची शक्यताच कमी होते. पश्चिमेकडून सरकणारं नुसतं पांढरं बघून मी पडदे सोडत नाही.

खरा धोका रिकाम्या जागेच्या कडेवर

ढग मरतो कसा, हे समजलं की पुढचं सोपं आहे. पडणाऱ्या पावसातला काही भाग वाटेतच वाफ होतो आणि हवा गार करतो. गार हवा जड. ती खाली आपटते आणि अंगणात घागर उपडी केल्यावर पाणी पसरावं तशी चहूबाजूंना पसरते. तिची जाडी किलोमीटर-दोन किलोमीटर असते. ती पुढं सरकताना समोरची गरम हवा उचलते, आणि त्या उचललेल्या हवेत छोट्या ढगांची एक ओळ उमटते. मागं मात्र गार, स्थिर हवा असते, तिथं ढग धरत नाही. म्हणून वरून बघितल्यावर एक स्वच्छ भोक दिसतं आणि त्याच्या कडेनं बारीक ढगांची कमान. कधी घोड्याच्या नालासारखी, कधी जवळपास पूर्ण वर्तुळ.

अमेरिकेत हवामानशास्त्रज्ञ जेम्स पर्डम यांनी १९७० च्या दशकात भूस्थिर उपग्रहाच्या व्हिजिबल चित्रांवरून दाखवून दिलं की या कमानी ढग मेल्यावरही तासन्‌तास जगतात आणि नवी वादळं पुष्कळदा त्यांच्यावरच उठतात. मेलेल्या ढगाचा जीव त्या रेघेत असतो म्हणा ना.

आणि ही गार हवा वरच्या वाऱ्याला जुमानत नाही. ऐरण पूर्वेला जाते, कमान सगळीकडं जाते. हाच मुद्दा आमच्या कामाचा. अथणी किंवा विजापूरच्या बाजूला ढग फुटला तर त्याचं सगळं पांढरं सोलापूर-कलबुर्गीकडं वाहून जातं. चित्रात आमच्याकडची बाजू कोरी करकरीत, शेडवर कडक ऊन. गटात सगळे निवांत. आणि त्या कोऱ्या बाजूनंच कमान पश्चिमेला सरकत असते.

एक दुपार घेऊन बघू. समजा ०९०० यूटीसीला, म्हणजे अडीच वाजता, अथणीच्या पूर्वेला एक भरगच्च पांढरा गोळा आहे. ०९३० ला तो मोठा झालाय, पण पश्चिम कड विस्कटायला लागलीय. १००० ला, साडेतीन वाजता, गोळ्याच्या पश्चिमेला जिथं मघाशी दुपारचे नेहमीचे कापशी ठिपके होते, तिथं ते गायब झालेत. हीच पहिली खूण. बहुतेक जण नवं काय आलं ते शोधतात, मी आधी काय नाहीसं झालं ते शोधतो. १०३० ला त्या मोकळ्या जागेच्या पश्चिमेला केसाएवढी पांढरी रेघ आहे, किंचित बाक असलेली. बाकाचा फुगीर भाग आमच्याकडं.

आता मोजायचं. १००० ला मोकळ्या जागेची कड अथणी शहरावर होती, १०३० ला रेघ तिथून वीस किलोमीटर पश्चिमेला आली. अर्ध्या तासात वीस, म्हणजे ताशी चाळीस. तिथून शेड तीसेक किलोमीटर असेल तर वारं पाऊण तासात दारात. त्यातली वीसेक मिनिटं आधीच गेलेली असतात, कारण चित्र आपल्या हातात उशिरा पडतं. पसरता पसरता हवा पातळ होते आणि वेग मंदावतो, तेव्हा माझ्या हिशेबापेक्षा ती सहसा थोडी उशिरा येते. पण उशिरा येईल म्हणून मी वाट बघत बसत नाही.

मग फोन. अथणीकडं मावसभाऊ आहे. संभाषण एवढंच असतं:

“आण्णा, वारं सुटलं का तिकडं?”

“सुटून गेलं की. पाऊस चार थेंब, धुरळाच लई. पत्रा उडाला गोठ्याचा.”

“कुठल्या अंगानं?”

“उगवतीकडनं.”

चित्रातली रेघ आणि आण्णांचा धुरळा जुळला की पुढं विचार करायचा नाही. पाऊस येवो न येवो, बांधलेली ताडपत्री त्या पहिल्या झोताला टिकली पाहिजे. ढगातून निघालेला नुसता वारा काय करतो हे १३ मे २०२४ ला मुंबईनं बघितलं. दुपारी धुळीचं वादळ आलं, घाटकोपरला होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि सतरा माणसं गेली.

“रडार असताना उपग्रह कशाला?” असं आमच्यातले शिकलेले विचारतात. रडार चांगलंच आहे. जवळ असेल तर ही रेघ त्यावर फार सुंदर दिसते, कारण त्या कडेवर धूळ आणि किडे गोळा होतात. पण गोव्याचं रडार आमच्यापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास. पृथ्वी गोल आहे, तिथून निघालेला झोत आमच्यावरून साडेतीन-चार किलोमीटर उंचीवरून जातो. गार हवा त्याच्या खालून निसटते. पावसाचा गाभा दिसतो, वारं दिसत नाही.

कमानीसारखं दिसणारं, पण कमान नसलेलं

पहिली फसवणूक धरणांची. अलमट्टी आणि उजनीच्या पाण्यावर दुपारी ढग धरत नाहीत, कारण पाणी जमिनीएवढं तापत नाही. भोवती ठिपके, मध्ये स्वच्छ भोक. अगदी मेलेल्या वळवासारखं. ओळखायची रीत सोपी: दोन चित्रं मागं जा. धरणाचं भोक जागचं हलत नाही.

दुसरी, ढगांच्या सरळ रांगा. वाऱ्याच्या दिशेनं आखल्यासारख्या समांतर ओळी असतात त्या. कमान एकटी असते, बाकदार असते, आणि ज्या जागेभोवती ती बाकते तिथं आधी ढग होता हे मागच्या चित्रात सापडलंच पाहिजे. पूर्वज सापडला नाही तर ती कमान नव्हे.

तिसरी गोष्ट जरा मजेची. आदल्या संध्याकाळी वळीव एका पट्ट्यात बरसून गेला असेल तर दुसऱ्या दिवशी अकरा-बाराच्या इन्फ्रारेड चित्रात तो भिजलेला पट्टा आजूबाजूच्या रानापेक्षा थंड दिसतो, लांबट जिभेसारखा. लोक त्याला ढग समजतात. व्हिजिबलमध्ये तिथं ढग नसेल तर ती ओली जमीन. त्या पट्ट्याच्या कडांवर दुपारी नवे ढग लवकर धरतात असा माझा अनुभव आहे, म्हणून मी सकाळीच त्याची जागा गावांच्या नावांनी लिहून ठेवतो.

आणि उलटंही घडतं. मार्चमध्ये हवा इतकी कोरडी असते की कडेवर ढगच बनत नाही. गार हवा येते, पण तिच्या कपाळावर पांढरी रेघ नसते. राजस्थानात अशा वेळी धुळीची भिंत उठते, ती उपग्रहाला दिसू शकते. आमच्याकडं एवढी धूळ क्वचितच उठते. अशा दिवशी नाहीशा झालेल्या ठिपक्यांवर आणि आण्णांवरच भिस्त.

दोन रेघा भेटल्या तर

एकच कमान असेल तर मी वाऱ्याची तयारी करतो. दोन असतील तर पावसाची. घाटाच्या बाजूनं मेलेल्या ढगाची एक आणि अथणीकडची एक, अशा दोन कमानी एकमेकींकडं निघाल्या की त्या भेटतील ती जागा नकाशावर बोटानं धरायची. दोन्हीकडून उचललेली गरम हवा तिथं वरच जाणार. भेटल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात त्या जागी नवा गोळा दिसू शकतो, तोही काही वेळा पहिल्या दोघांपेक्षा जोरदार. घाट चढून आलेल्या समुद्री वाऱ्याच्या कडेला कमान भिडली तरी हेच होतं.

कमान जुन्या पावसानं गार झालेल्या रानात शिरली, किंवा ऐरणीच्या सावलीत गेली, तर तिच्यावरचे ठिपके विरत जातात. अशी रेघ तुटक होत गेली की मी कामगारांना चहाला सोडतो.

बाकीच्या आकृत्या, थोडक्यात

मोठ्या समूहाच्या ऐरणीच्या कडेला कधी कंगव्याच्या दात्यांसारखे समांतर पट्टे दिसतात. ते वरच्या थरातल्या खळबळीचे असतात, वैमानिकांच्या कामाचे. बेदाण्याला त्याचं काही नाही.

रात्रभर बरसलेला मोठा समूह सकाळी विरला की क्वचित मधल्या उंचीच्या ढगांची एक सैल भोवऱ्यासारखी गिरकी उरते, शंभर-दोनशे किलोमीटरची. पाऊस नसतो, पण ती हवा फिरत राहते आणि दुपारी तिच्या आसपास पुन्हा ढग उठू शकतो. सकाळच्या कोवळ्या उन्हातल्या व्हिजिबल चित्रात ती सर्वांत चांगली दिसते, कारण तिरप्या उन्हात ढगांच्या सावल्या पडतात.

समुद्रावर ही वर्तुळं आणखी रेखीव असतात. मेच्या अखेरीला अरबी समुद्राची चित्रं सहज चाळून बघा, डोळा तयार करायला त्याच्यासारखी शाळा नाही.

जून लागला की ऐरणीचा नियम उलटा करायचा. पावसाळ्यात वरचे वारे पूर्वेकडून पश्चिमेला वाहतात. आपल्या हवामान विभागातल्या पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात पूर्वेकडून वाहणाऱ्या ज्या झोतवाऱ्याचा, म्हणजे खूप उंचावरच्या वेगवान वाऱ्याचा अभ्यास मांडला, तो हाच. तेव्हा विदर्भ-मराठवाड्यातल्या ढगांचं पांढरं आपल्याकडं येतं. आमचे रॅक तोवर रिकामे असतात, पण सोयाबीन पेरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दिवस मावळल्यावर

साडेसहा-पावणेसातनंतर व्हिजिबल काळं होतं आणि रेघ हातची जाते. रात्रीच्या इन्फ्रारेडमध्ये ती दिसेल ही आशा सोडा. तिचे ढग बुटके असतात, त्यांचं तापमान जमिनीपेक्षा फारसं वेगळं नसतं. म्हणून सहाच्या सुमाराचं शेवटचं चांगलं चित्र मी जपून ठेवतो. कमान कुठं होती, वेग काय होता, त्यावरून पुढची वेळ काढतो. जोडीला पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजा कुठं पडतायत ते दाखवणारं दामिनी ॲप. एखाद्या गोळ्यातल्या विजा कमी कमी होत थांबल्या की तो मरतोय, आणि त्याची गार हवा आता बाहेर पडणार किंवा पडली आहे असं धरायचं.

शेडमध्ये तापमान-आर्द्रता दाखवणारं एक साधं यंत्र टांगलेलं असू द्या. कमान पोचली की काही मिनिटांत पारा पाच-सात अंश उतरतो, वारं दिशा बदलतं, आर्द्रतेचा आकडा झरझर चढतो. त्याच्या आधी पूर्वेचे आणि दक्षिणेचे पडदे खाली असायला हवेत, दोर खालच्या नळीला आवळलेले. पश्चिमेचे शेवटी. वारं ओसरून आर्द्रता उतरायला लागली की क्रम उलटा: आधी पश्चिमेचे वर, आणि पूर्वेचे, पाठोपाठ दुसरी रेघ निघालेली नाही याची खात्री झाल्यावर.